कंटिन्युइटी

ऑर्मरॉड बाईंनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले:
धक्का, आणि टांगणी.
धक्का एका सेकंदात संपतो, म्हणाल्या,
टांगणीला लागलेला जीव मात्र
प्रेक्षक घरी घेऊन जातो.

परीक्षेसाठी करायची होती
थ्रिलरची पहिली दोन मिनिटं.
शेवट कुणी मागितलाच नव्हता.

टॅम्सिनकडे कॅमेरा, माझ्याकडे तिवई,
आणि मरायला ड्वेन आपणहून तयार.
तीन दुपारी तो ग्रिम्सबीच्या गोदीत
ओल्या दोरखंडांवर पडून राहिला.
केचपमध्ये चमचाभर कोको घातला
की रक्त जुनं दिसतं, हे तिथे कळलं.
कॅमेरा जमिनीवर ठेवून वर पाहिलं
की बर्फाचा बंद कारखानाही अंगावर येतो,
आणि वरून पाहिलं की माणूस
आधीच हरलेला.
टॅम्सिन कॅमेरा कायम तिरका धरायची.
ती म्हणे, शैली.
मनगट दुखायचं तिचं.

एडिटिंगला बसलो तेव्हा हीटर बंद होता.
पहिलाच लाँग शॉट: राखाडी पाणी, क्रेन,
आणि डाव्या कोपऱ्यात, बाकावर, एक ठिपका.
काढू या, मी म्हटलं, नजर तिकडेच जाते.
मोठा केला.
ठिपक्याला नारिंगी डबा फुटला.
अजून मोठा केला.
नुसते चौकोन उरले,
पण चौकोनांनाही बसायची एक ढब असते:
डावा खांदा जरा खाली,
वीस वर्षं माशांची खोकी उचललेला.

मंगळवार, दोन दहा.
बुधवार, तोच बाक.
शुक्रवारी पाऊस, तरी तोच,
फक्त टोपी पुढे ओढलेली.

दोन दहाला माझा बाप
फॅक्टरीत पट्ट्यासमोर उभा असतो,
पांढऱ्या गमबुटांत, हातात पातळ सुरी.
म्हणजे, तसं तो सांगतो.

आणि मग वास आठवला, जो कॅमेऱ्यात येत नाही.
लिंबानं घासूनही न जाणारा हॅडॉकचा वास
त्याच्या हातांना नव्हता, तीन आठवडे तरी.
मला वाटलं होतं, साबण बदलला.
कंटिन्युइटीची चूक, बाई सांगायच्या,
तिसऱ्या रांगेतल्या परक्या माणसाला दिसते,
युनिटमधल्यांना नाही.
ते फार जवळ उभे असतात.

कोण गं तो? टॅम्सिननं विचारलं.
कुणी नाही. एक्स्ट्रा.

संध्याकाळी सहाला पावलं दाराशी आली.
पावलं थांबली, आणि किल्ली फिरली,
मधे अकरा सेकंद. मी मोजले.
संगीत नव्हतं. फ्रिज घरघरत होता.
मेलो आज, असं काम होतं, तो म्हणाला,
आणि मला वाटलं,
ड्वेनला हे इतकं चांगलं जमलं नव्हतं.

ताटात वाटाणे, चिप्स, फिश फिंगर्स.
ओट्यावर त्यांचं खोकं, किमतीचं पिवळं लेबल लावलेलं.
आमच्या घरात मासा कधी विकत आला नव्हता,
तो बापाच्या काखेतून यायचा,
वर्तमानपत्रात गुंडाळून, फुकट.
आईनं खोक्याची घडी घातली
आणि कचऱ्याच्या डब्यात दाबलं,
लेबल खालच्या बाजूला करून.

मी आईकडे पाहिलं.
आई वाटाण्यांकडे.
मीठ दे, तो म्हणाला,
आणि आम्ही दोघींनी एकदमच हात पुढे केला.

तो शॉट मी कापला नाही.
ड्वेनच्या मरणातले चार सेकंद कमी केले,
दोन मिनिटांत बसवायला.

महिन्यानं वही परत आली.
रक्ताबद्दल बरं म्हटलं होतं, तिरक्या कॅमेऱ्याबद्दल फार बरं नाही.
आणि समासात, हिरव्या शाईत:
डावीकडचा माणूस मुद्दाम ठेवला आहे का?
कारण द्या.

खाली दोन ओळींची जागा होती.